काळी एकची पट्टी : एका शिक्षिकेच्या आवाजाचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं एक गाव. तिथे दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे. पहिली ते चौथीचे वर्ग दोन खोल्यांत बसतात. तिथल्या मोठ्या मॅडम, वय ३८, गावच्या भजन मंडळातही पुढे बसून म्हणतात. कार्तिकातला काकडा आटोपून तीन आठवडे झाले तरी त्यांचा आवाज मोकळा होईना. सकाळी घोगरा, दुपारी फाटका, संध्याकाळी नुसता वारा. दोन वेळा अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन झाल्या. ज्येष्ठमध, हळद-मिठाच्या गुळण्या, खडीसाखर, सगळं झालं. मग त्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात आल्या आणि तिथून माझ्याकडे, वाचा-उपचारासाठी.

त्यांच्या आणि मंडळाच्या परवानगीनं हे लिहिते आहे. नाव-गाव गाळलं आहे. आजार तसा नवलाचा नव्हता: स्वरतंतूंवर गाठी. शिक्षकांच्या आणि गायकांच्या स्वरयंत्रात अशा गाठी नेहमी सापडतात. पण उपचार सुरू केल्यावर दिसत गेलं की दुखणं गळ्यात असलं तरी ते तयार होतंय मंडळाच्या बैठकीत आणि शाळेच्या खोलीत. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला, खंजिरी हाती घेऊन गावंच्या गावं गायला लावली, आणि आजही विदर्भात कितीतरी गावांत दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना होते. एवढे गळे रोज एकत्र येतात. पेटीचा भाता फाटला तर आपण तो दुसऱ्या दिवशी शिवून आणतो. गाणाऱ्याचा आवाज बसला तर मात्र "बसला, उघडीन आपोआप" म्हणून सोडून देतो.

कॅमेऱ्यात दिसलं ते

डॉक्टरांनी दुर्बीण घालून स्वरतंतू पाहिले. दोन्ही तंतूंच्या कडेवर, पुढचा एक तृतीयांश भाग जिथे संपतो नेमक्या त्याच जागी, समोरासमोर दोन लहान पांढुरके उंचवटे होते. "आ" म्हणताना तंतू जवळ येत, उंचवटे एकमेकांना टेकत, आणि त्यांच्या पुढे-मागे फट उरे. त्या फटीतून हवा निसटते, म्हणून आवाजात वारा. उरलेल्या हवेवर काम भागवायचं म्हणून बाई आणखी जोर लावत. जोर लावला की उंचवटे आणखी घासत.

बायकांचे स्वरतंतू साधारण साडेबारा ते साडेसतरा मिलिमीटर लांबीचे असतात. बोलताना ते सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात. जिथे हेलकावा सगळ्यात मोठा, तिथे आपटणं सगळ्यात जोराचं, आणि गाठ धरते ती तिथेच. विळा धरून तळहाताला घट्टा पडतो, तसाच हा प्रकार. मात्र घट्टा पडला म्हणून हात वाचतो. स्वरतंतूला घट्टा पडला की आवाज जातो.

अहवाल हातात घेऊन बाईंनी पहिला प्रश्न हळूच विचारला, "मॅडम, खरं सांगा, गाठ म्हणजे थे तं नाई ना?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचं उत्तर आधी, स्पष्ट द्यावं. घासण्यानं आलेल्या या गाठी साध्या असतात, त्यांचा कर्करोग होत नाही. डॉक्टरांनीही शस्त्रक्रिया सुचवली नव्हती. अशा गाठींवर पहिला उपचार आवाजाच्या वापराचाच असतो. वापर न बदलता गाठ कापून काढली, तर ती परत येण्याचीच शक्यता फार.

माझ्या खोलीत दोन साध्या चाचण्या झाल्या. एका श्वासात "आ" किती वेळ धरता येतो, ते पाहिलं. निरोगी प्रौढ बाई पंधरा सेकंदांच्या पुढे सहज जाते. या सात सेकंदांवर थांबल्या. मग "स्‌ऽऽ" आणि "झ्‌ऽऽ" (झऱ्यातला झ, झेंड्यातला नव्हे). "स" ला स्वरतंतू लागत नाहीत, "झ" ला लागतात. फुप्फुसात हवा पुरेशी आणि तंतू नीट मिटत असले तर दोन्ही जवळपास सारखेच टिकतात. यांचा "स" "झ" च्या जवळजवळ दुप्पट टिकला. १.४ च्या वर गुणोत्तर गेलं की तंतूंच्या कडेवर काहीतरी आहे, अशी शंका घेतात. याच्यावरून निदान करायचं नसतं, पण उपचार चालू असताना घरच्या घरी प्रगती मोजायला याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.

दिवसाचा हिशेब

आवाजाची वही ठेवायला सांगितली: कधी, कुठे, किती वेळ, आणि आजूबाजूला काय चालू होतं. या शेवटच्या रकान्यानंच प्रकरण उलगडलं.

सकाळी परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना, समूहगीत. या सगळ्यांची सुरुवात मॅडमच करून देतात, तीही उघड्या पटांगणात. मग दोन वर्ग एका खोलीत. वर टिनाची पत्रं, भिंती सिमेंटच्या, पडदा-सतरंजी काही नाही. पलीकडच्या खोलीतले पाढे इकडे ऐकू येतात आणि इकडची कविता तिकडे. पोषण आहाराच्या वेळी पोरांना हाका. संध्याकाळी प्रार्थना. गुरुवारी भजन. कार्तिकात पहाटे काकडा, तोही थंडीत, चहा घेऊन, गळा अजिबात तापलेला नसताना. त्याच दिवसांत कापसाची वेचणी, घरात कापूस भरलेला, हवेत सगळीकडे बारीक तूस.

शिक्षकांचे गळे हा जगभरचा विषय आहे. नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला: पाहणीच्या वेळी आवाजाची तक्रार असलेले शिक्षक ११ टक्के, इतर व्यवसायांतले ६.२ टक्के, आणि आयुष्यात कधीतरी तक्रार झालेले शिक्षक ५७.७ टक्के, इतर २८.८ टक्के. म्हणजे जवळपास दुप्पट. ती माणसं आपल्यासारख्या पत्र्याच्या खोल्यांत शिकवत नव्हती, हे लक्षात घेऊन हे आकडे वाचावेत.

एरिक हंटर आणि इंगो टिट्झ यांनी शिक्षकांच्या गळ्याला मापकयंत्र लावून दिवसभराची नोंद घेतली. शाळेच्या वेळेत स्वरतंतू एकूण वेळेपैकी सुमारे ३० टक्के वेळ कंप पावत होते. शाळेबाहेर याच्या निम्म्याहूनही कमी. टिट्झ यांनी आवाजाची "मात्रा" मोजायची कल्पना मांडली, औषधाची मात्रा मोजतात तशीच. तंतू किती वेळ हलले, किती वेळा हलले, हलून एकूण किती अंतर तोडलं. त्यातली "किती वेळा" ही मात्रा आम्ही दोघींनी वहीच्या शेवटच्या पानावर मांडली. शाळेचे सहा तास, त्यातले ३० टक्के, म्हणजे ६,४८० सेकंद. वर्गातला चढा आवाज सेकंदाला २५० कंपनांचा धरला, तर सोळा लाखांवर कंपनं होतात. आता गुरुवारचं भजन. दोन तास, पुढे म्हणणारी बाई म्हणून त्यातला निम्मा वेळ आवाज चालू, म्हणजे ३,६०० सेकंद. भजनाचा सरासरी स्वर ४०० कंपनांच्या आसपास. चौदा लाखांच्या वर.

बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे गुरुवारी मी दोन दिवसांची शाळा करते," त्या म्हणाल्या. हिशेब ठोकळ आहे, पण चुकीचा नाही. ४०० का, हा प्रश्न मात्र मला सोडेना. त्या साध्या मध्यम आवाजाच्या बाई. त्यांचं भजन एवढं उंच का चालतं? ते बघायला गावी जावं लागलं.

पेटी, खंजिरी आणि भोंगा

मंडळ मिश्र आहे, पुरुष आणि बाया. पूर्वी फक्त पुरुषांचं होतं. मागच्या काही वर्षांत बाया आल्या आणि आता त्याच जास्त आहेत. पेटीवर गावातले एक वयस्क काकाजी. पट्टी, म्हणजे ज्या स्वराला षड्ज ("सा") धरून गायचं तो, काळी एक: पेटीवरच्या सप्तकातली पहिली काळी. पुरुषांसाठी ही पट्टी अगदी घरची: षड्ज सुमारे १३९ कंपनांचा, तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) २७७. बाया त्याच पट्टीत एक सप्तक वर म्हणतात. म्हणजे त्यांचा षड्जच २७७ पासून सुरू होतो आणि अंतरा, म्हणजे भजनाचं वर चढणारं कडवं, तार षड्जाला गेला की ५५४. भजनाचा अंतरा तिथे थांबत नाही. तो तार गंधार-मध्यमापर्यंत चढतो, म्हणजे सातशेच्या घरात. एवढ्या उंचीवर शास्त्रीय तालमीची गायिका आवाज हलका करून जाईल. आमच्या बाई छातीचाच आवाज वर ताणत होत्या, कारण भजनात हलका आवाज "पडलेला" मानतात.

बायांची साधारण सोयीची पट्टी काळी चार किंवा पाच. काळी चार धरली तर त्यांचा षड्ज २०८ वर येतो आणि तोच अंतरा तार मध्यमाला जाऊनही ५५४ वरच थांबतो. काळी चारचा तार मध्यम आणि काळी एकचा तार षड्ज ही पेटीवर एकच पट्टी आहे. जी उंची आत्ता वाटेतला मुक्काम होती, ती शेवटचं टोक होते. सरासरी स्वर ४०० वरून ३०० वर येतो, आणि दोन तासांची कंपनं चौदा लाखांवरून पावणेअकरा लाखांवर. गळा तोच, भजनं तीच.

दुसरी गोष्ट बसण्याची. बाई पुढे, हातात खंजिरी, ती कानापासून हातभरसुद्धा दूर नाही. डाव्या बाजूला पेटी, उजव्या बाजूला ढोलक, मागे टाळ. माइक समोर, पण त्याचा भोंगा देवळाच्या कळसाखाली, तोंड गावाकडे. गावाला बाईंचा आवाज लख्ख ऐकू येत होता. बाईंना स्वतःचा ऐकू येत नव्हता. माइक असूनही त्या ओरडून गात होत्या.

या वागण्यामागचं कारण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी नोंदलं गेलं आहे. एत्येन लोम्बार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञानं १९११ साली दाखवून दिलं की कानावर गोंगाट आला की माणूस आपोआप आवाज चढवतो. ठरवून नाही, नकळत. समूहगायनात हा परिणाम पुन्हा पुन्हा दिसतो: शेजारचा मोठ्यानं म्हणतो म्हणून मी, मी म्हणते म्हणून तो. स्वीडनमधले स्टेन टर्नस्ट्रॉम यांनी गायकवृंदांवर बरंच काम केलं आहे. वृंदात गाणाऱ्याला स्वतःचा आवाज बाकीच्यांपेक्षा किती वर ऐकू यायला हवा, हे त्यांनी गायकांकडूनच ठरवून घेतलं. सरासरी उत्तर सहा डेसिबलच्या आसपास आलं. तेवढं मिळालं की गाणारा सुरात राहतो आणि जोर करत नाही. अमेरिकेत जेम्स डॉहर्टी यांनी वृंदातली माणसं लांब-लांब उभी केली, आणि गाणाऱ्यांना तेच जास्त आवडलं. आपल्याकडे मंडळ गुडघ्याला गुडघा लावून बसतं. त्या बसण्यात आपलेपणा आहे, तो मोडावा असं मला मुळीच वाटत नाही. पण खंजिरी आणि टाळ कानाशी असताना गाणाऱ्याला स्वतःचा स्वर सापडणं अशक्य होतं, हे मंडळाला सांगणं भाग होतं.

"काळी चार? थे तं लय उंच हाय"

मंडळाची बैठक झाली. पट्टी बदला म्हटल्यावर काकाजी पेटी मिटून बसले.

"तीस वर्सं झाले, काळी एकवरच वाजवून राह्यलो. काळी चार केली तं आमचे आवाज फाटतीन. थे तं लय उंच हाय."

आणि ते बरोबर होते. बायांना जी पट्टी उतरलेली, ती पुरुषांना चढलेली. काळी चारवर पुरुषांचा षड्ज २०८, तार षड्ज ४१५, आणि अंतरा ५५४ वर. बहुतेक पुरुषांना ते झेपणारं नाही. एक सप्तक खाली जावं तर षड्ज १०४ वर येतो, सुरुवातच खर्जात, आणि भजनाचा जीव जातो. मिश्र मंडळाची खरी अडचण ही आहे. "बायांच्या पट्टीत गा" एवढा सल्ला देऊन मोकळं होणाऱ्यानं पुरुषांच्या गळ्याचा विचार केलेलाच नसतो.

तोड मंडळातूनच निघाली, आणि ती एका टाळ वाजवणाऱ्या बाईनं काढली. ती म्हणाली, "ध्रुपद तं खालीच राह्यते ना? थे सगळे मिळून म्हणू. अंतरा आमीच म्हणतो." आम्ही वाजवून पाहिलं. त्यांच्या बहुतेक भजनांचं ध्रुपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) षड्ज ते पंचम यांच्या आतलं निघालं. काळी चारवर हा पल्ला २०८ ते ३११. पुरुषांना जरा वरचा, पण चांगला खुला, दमदार लागणारा. अंतरा फक्त बाया म्हणणार, आणि ध्रुपदावर सगळं मंडळ एकदम उचलणार. ऐकायला हे आधीपेक्षा सरस झालं, असं काकाजीच म्हणाले. ज्या भजनांचं ध्रुपदच वरचं होतं, ती पुरुषांच्या वाट्याला काळी एकवर गेली. त्या वेळी बाया टाळ धरतात आणि गळ्याला विसावा मिळतो. पेटीवर सुरकळ (पट्टी सरकवायची सोय) नव्हती, म्हणून काकाजींना बोटं नव्यानं बसवायला काही आठवडे गेले. सत्तरीच्या माणसानं ते केलं, याची नोंद इथे आदरानं करते.

बसण्याचा प्रश्न त्याच्यापेक्षा सोपा निघाला. ओळीऐवजी अर्धगोल. खंजिरी बाईंच्या हातून दुसरीकडे गेली; यावर बाई स्वतः जरा हिरमुसल्या, कारण खंजिरी वाजवत म्हणणं ही त्यांची ओळख होती. शेवटी असं ठरलं की स्पर्धेच्या दोन भजनांना त्या खंजिरी घेतील, रोजच्या प्रार्थनेला नाही. ढोलक त्यांच्या मागच्या बाजूला सरकला. भोंग्याच्या जोडीला एक छोटा स्पीकर त्यांच्याकडे तोंड करून ठेवला, आवाज बेताचा. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "माह्या आवाज मले आज ऐकू आला."

शाळेतलं

शाळेत सल्ल्यांचा उपयोग मर्यादित असतो. पाणी प्या, ओरडू नका, खाकरू नका, हे सगळं खरं आहे. शरीरात पाणी कमी पडलं की स्वरतंतू हलवायला जास्त दाब लागतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा माहीतच आहे. पण रॉय आणि सहकाऱ्यांनी २००२ साली आवाजाची तक्रार असलेले ४४ शिक्षक तीन गटांत वाटून पाहिले. एका गटाला आवाजाची निगा कशी राखावी ते शिकवलं, दुसऱ्याला अंगावर बाळगायचा ध्वनिवर्धक दिला, तिसऱ्याला सहा आठवडे काहीच दिलं नाही. ध्वनिवर्धकवाल्यांची तक्रार ठळकपणे कमी झाली. नुसतं शिकवलेल्या गटात तसा फरक दिसला नाही. काहीच न मिळालेल्यांची तक्रार वाढली. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. ओरडू नका हे शिक्षिकेला आधीच कळतं. न ओरडता मागच्या बाकापर्यंत पोचायचं कसं, ते तिच्या हातात नसतं.

बाईंनी कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि डोक्यावरचा माइक घेतला. पहिले दोन दिवस पोरं हसली, मग विसरली. दुसऱ्या खोलीतल्या सरांनीही पुढे तसाच मागवला. खोलीच्या मागच्या भिंतीला जुन्या सतरंज्या टांगल्या. घुमारा कमी झाला.

परिपाठात निराळाच पेच होता. बाई आपल्या बसलेल्या, खालच्या आवाजात सुरुवात करून देत आणि पोरं त्या स्वरावर येऊन गुरगुरत. मग "मोठ्यानं म्हणा!" की पोरं ओरडत. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा गाण्याचा सोयीचा पल्ला बायांच्या बोलण्याच्या आवाजापेक्षा बराच वर असतो. समूहगीताला पांढरी एक किंवा काळी एक, म्हणजे षड्ज २६२-२७७, त्यांना छान लागते, पण हलक्या आवाजात. तीच काळी एक, जी मंडळात बाईंचा गळा घासत होती, पोरांसाठी योग्य निघाली! मोठी माणसं छातीचा आवाज तिथे ओढतात, मुलं तो सहज डोक्यातून काढतात. बाईंनी तो स्वर स्वतः गाऊन दाखवायचा नाही, असं ठरलं. मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर षड्ज लावायचा, तिसरीतल्या एका सुरेल मुलीनं "ऊ" वर ओळ म्हणायची, आणि बाकीच्यांनी तिच्यामागे. मुलांना मुलाच्याच आवाजातला स्वर चटकन उचलता येतो. "मोठ्यानं" हा शब्द परिपाठातून काढून टाकला आणि "एकसारखं" हा घेतला. २६ जानेवारीच्या कार्यक्रमात पोरांचं समूहगीत मैदानाच्या टोकाला स्वच्छ ऐकू आलं, आणि त्या वेळी बाई नुसत्या हातानं ताल देत होत्या.

गळ्यावरचा उपचार

इथे थोडक्यात सांगते, कारण व्यायाम प्रत्यक्ष बघून करायचे असतात. मुख्य व्यायाम नळीचा. ग्लासात पाणी, नळीचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवलेलं, आणि नळीतून "ऊ" धरून बुडबुडे काढायचे. मग तसंच खालून वर, वरून खाली घसरत जायचं. नळीमुळे तोंडाकडून उलटा दाब येतो, तंतू एकमेकांवर आपटण्याचा जोर घटतो, आणि तरी आवाज चालू राहतो. टिट्झ यांनी यावर बरंच लिहिलं आहे. जोडीला मंद आवाजातले लांब स्वर. हे सगळं दिवसातून थोडं-थोडं, एका दमात अर्धा तास नाही. पहाटेच्या काकड्याआधी पाच मिनिटं हाच व्यायाम.

पूर्ण मौन घ्यायला लावलं नाही. कुजबुजायला मात्र मनाई केली. कुजबुजताना पुष्कळ माणसं गळा आवळतात. ज्येष्ठमध तोंडात धरल्यानं घशाला बरं वाटतं, तेवढ्यापुरतं चालेल, पण रक्तदाब असलेल्यानं फार खाऊ नये. गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही, आणि गिळलेला कुठलाही घोट स्वरयंत्राच्या मागून अन्ननलिकेत जातो. भजनानंतर रात्री उशिरा तिखट जेवण आणि लगेच आडवं होणं बंद केलं, कारण पोटातलं आम्ल वर येऊन सकाळचा घोगरेपणा वाढवतं.

आर्वीकडून दर आठवड्याला एसटीनं येणं शक्य नव्हतं. रोज सकाळी उठल्यावर "आ" आणि एका भजनाची एक ओळ, अशी ध्वनिफीत त्या व्हॉट्सॲपवर पाठवत. महिन्यात आवाजातला वारा कमी झाल्याचं त्यांच्या घरच्यांनाही कळू लागलं.

उपचाराच्या सुरुवातीला एका नातेवाइकानं भजन कायमचं सोडायला सांगितलं होतं. माझा त्याला सक्त विरोध होता. एलुनेड पिअर्स, जॅक लाउने आणि रॉबिन डनबार यांनी २०१५ साली इंग्लंडमधल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गांचा अभ्यास मांडला. गाण्याचे वर्ग, हस्तकलेचे वर्ग, लेखनाचे वर्ग. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली होती, पण गाणारी माणसं सर्वांत लवकर जवळ आली. आमच्या मंडळात दोन बाया अशा आहेत की घरच्या दुःखानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडल्या त्या गुरुवारच्या भजनाला. हे कुणाकडून काढून घेऊ नये. गळा वाचवायचा तो या बैठकीसाठीच.

ढोलकवाल्या भाऊंचं

बैठकीत एक गोष्ट अनपेक्षित पुढे आली. ढोलक वाजवणारे भाऊ, पन्नाशीचे, बरेच महिने घोगरे बोलत होते. "मी तं गातबी नाई, माह्या आवाज काहून बसला?" असं त्यांनी सहज विचारलं. गालात खर्रा होता, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण.

मंडळातल्या बाईंच्या गाठींबद्दल जे मी धीरानं सांगितलं, ते यांना सांगता आलं नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१८ सालची मार्गदर्शिका सांगते की आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्र बघितलंच पाहिजे, आणि गंभीर कारणाची शंका असेल तर तेवढंही थांबू नये. न बघता अँटिबायोटिक देत राहू नये, हेही तीच सांगते. तंबाखू खाणाऱ्या माणसाचा महिनोन्‌महिने बसलेला आवाज ही अशीच शंका आहे. विदर्भात खर्रा पन्नीत घोटून हातोहात फिरतो, भजनाच्या ओट्यावरसुद्धा. भाऊंना त्याच आठवड्यात तपासणीला नेलं. त्यांच्या अहवालाबद्दल इथे लिहिणार नाही, तो त्यांचा आहे. पण ज्या कुणाच्या घरात असा माणूस आहे, त्यानं हा परिच्छेद वाचून उद्याच्या एसटीनं त्याला घेऊन निघावं.

आज काय स्थिती आहे

३० एप्रिलच्या ग्रामजयंतीआधी (तुकडोजी महाराजांची जयंती) बाईंची पुन्हा दुर्बिणीनं तपासणी झाली. डावीकडचा उंचवटा दिसेनासा झाला आहे, उजवीकडचा लहान झाला आहे, गेलेला नाही. तंतू जवळजवळ पूर्ण मिटतात. "आ" चौदा सेकंदांपर्यंत जातो. दिवसभर शिकवून संध्याकाळी प्रार्थना म्हणता येते. सलग दोन दिवस कार्यक्रम असला तर तिसऱ्या दिवशी आवाज अजून बसतो. ग्रामजयंतीला त्या काळी चारवर म्हणाल्या.

देवळातला काकडा दुसऱ्या जुन्या मंडळाच्या हाती आहे, आणि तिथे पट्टी बदलायला अजून कुणी तयार नाही. म्हणून येत्या कार्तिकात बाईंनी रोज पुढे म्हणायचं नाही, एक दिवसाआड म्हणायचं, मधल्या दिवशी दुसऱ्या दोघींनी, असं ठरलं आहे. पुढची तपासणी कोजागिरीच्या आठवड्यात आहे, आणि त्या दोघींनाही सोबत बोलावलं आहे. बाईंचा भार आता त्यांच्या गळ्यावर जाणार, तर तो पडण्याआधी त्यांचे स्वरतंतू एकदा पाहून घ्यायचे आहेत.